मंजुरीसाठी थांबलेला मेल

हे माझ्यासोबत घडलंय. शेजारणीच्या नणंदेला कुणीतरी सांगितलं, त्यातलं नाही. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. मीही पूर्वी असल्या गोष्टींवर पोट धरून हसायचे.

रविवारची दुपार. ऑफिसला सुट्टी. आमच्या तळघरात एक लहानशी खोली आहे, तिथे जुना सर्व्हर असतो. खिडकी नाही. एकच लोखंडी दार.

त्या सर्व्हरवर सगळ्या स्टाफची मेलिंग लिस्ट चालते. लिस्टच्या पत्त्यावर एक मेल टाकला की तो सगळ्यांना जातो. पण लगेच नाही. आधी तो थांबतो. मॉडरेटरने वाचून मंजूर केला की मगच पुढे सुटतो.

आमचे मॉडरेटर होते मास्तर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांचे मेल तपासून परत पाठवायचे, म्हणून हे नाव. विषयाची जागा रिकामी दिसली की उत्तर ठरलेलं, "बाई, विषय लिहा." अस्सा राग यायचा!

उन्हाळ्यात मास्तर त्याच खोलीत वारले. सुट्टीच्या दिवशी एकटेच कामाला आले होते, सोमवारी सापडले. हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. दार काही बंद नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. तरी दाराशीच पडले होते बिचारे.

त्यांच्या जागी आता मी मॉडरेटर होणार होते. सर्व्हरवर तो बदल करायला त्या रविवारी एकटीच खाली आले होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअरने बजावलं होतं, "तुमचं नाव घातल्याशिवाय त्यांचं काढू नका." मी घाईत नेमकं उलटं केलं. त्यांचं नाव काढलं आणि पुढचं पान उघडेचना. म्हणजे लिस्टला मॉडरेटरच उरला नाही.

कपाळावर हात मारला. खाली रेंज येत नाही, म्हणून वर जाऊन इंजिनिअरला फोन करायला उठले.

हँडल फिरलं. दार हललं नाही.

खांदा लावला. लाथ घातली. घसा फुटेस्तोवर ओरडले. पण इमारतीत वॉचमनशिवाय कुणी नव्हतं, आणि तो पार गेटवर.

मग... एसी बंद पडला.

मला दमा आहे. पंप पर्समध्ये, आणि पर्स वर माझ्या टेबलावर. थोड्याच वेळात छातीत शिट्टी वाजायला लागली.

त्या मशीनवरून फक्त लिस्टलाच मेल जायचा. लिस्टचे मेल वॉचमनच्या मोबाइलवरही येतात. मी भराभर लिहिलं, "दार उघडा, श्वास लागतोय." पाठवला.

स्क्रीनवर ओळ आली. तुमचा मेल मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबला आहे.

अहो, कोणता मॉडरेटर? आत्ताच तर काढून टाकला मी! मला रडूच फुटलं.

आणि तेवढ्यात... उत्तर आलं.

"बाई, विषय लिहा."

मशीन आपोआप काहीतरी पाठवत असेल, असं मी स्वतःला समजावलं. प्रत्येक मेलसोबत तो कुठल्या कुठल्या मशीनवरून फिरत आला त्याच्या ओळी असतात, पोस्टाच्या शिक्क्यांसारख्या. त्या उघडून पाहिल्या...

एकही ओळ नव्हती. त्या मशीनचीसुद्धा नाही.

तो मेल बाहेरून आलाच नव्हता.

विषय लिहिला, "मी अडकलेय". पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. थांबला आहे.

माझ्या पाठीमागे... कुणीतरी घसा खाकरला.

मास्तर मेल वाचायला घेताना खाकरायचे, अगदी तसा.

मागे वळायची माझी छाती झाली नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "मास्तर, पाया पडते तुमच्या. सोडा तो मेल. घरी लेक वाट बघतेय माझी."

सर्व्हरचा पंखाही थांबला. स्क्रीन तेवढी चालू होती.

मग ओळ बदलली... मेल मंजूर झाला.

किती वेळ गेला, देव जाणे. मी जमिनीवर बसले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दार उघडलं. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अहो ताई, दार नुसतं लोटलेलं होतं की!"

मी भिंतीला टेकून धापा टाकत होते. तो मात्र वाकून आत बघत राहिला.

"आणि दुसरे कुठायत?"

"दुसरे कोण?"

त्याने मोबाइल पुढे केला. माझ्याच नावाने आलेला मेल. विषय होता, "आम्ही दोघं अडकलोय". खाली माझी ओळ. आणि तिच्याखाली आणखी एक, मी न लिहिलेली.

"बाईंना आधी बाहेर घ्या. मीही येतो."

वॉचमनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने धाडकन दार लावलं, बाहेरून कडी घातली.

आतून... हँडल फिरलं.

थांबलं.

पुन्हा फिरलं. हळूच, कुणाला त्रास नको अशा बेताने.

आम्ही जिन्याकडे पळत सुटलो. कुणीही मागे वळून दार उघडलं नाही.

लिस्ट आता दुसऱ्या मशीनवर आहे. त्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली साहेबांनी माझ्याकडेच दिलीय. मला नको होती, पण नाही कसं म्हणणार? कारण काय सांगणार?

संध्याकाळी गेटमधून निघताना वॉचमन खालच्या आवाजात विचारतो, "ताई, उघडायचं का एकदा?"

मी "उद्या बघू" म्हणते आणि घाईघाईने बस गाठते.