दुसऱ्या टोकाची भिंत

त्या दुपारी तो आला होता फक्त शेवटची मापं घ्यायला. रेल्वेची इंजिनं दुरुस्त करायची ही नवी शेड त्यानंच कागदावर काढलेली. उद्या ती सुरू व्हायची होती. खिशात एक अहवाल होता, अजून सही न केलेला. चाचणीच्या दिवशी इंजिनाखालच्या खड्ड्यात जो फिटर जळून मेला, तो स्वतःच्याच हलगर्जीपणानं मेला, असं त्यात लिहिलेलं.

तो फिटर म्हणजे याचा सख्खा थोरला भाऊ.

दादानं पहिल्याच दिवशी नकाशावर बोट ठेवलं होतं. "दोन्ही टोकांना पायऱ्या ठेव रे. तेल पेटलं तर माणसानं पळायचं कुठं?" यानं काढल्याही होत्या. मग मोठे साहेब म्हणाले, एकीकडच्या खोडा, जागा वाया जाते. यानं मुकाट्यानं खोडल्या. नोकरी प्यारी, दुसरं काय! काल वहिनी दारातूनच म्हणाली होती, "भाऊजी, तेवढं खोटं लिहू नका."

तो खड्ड्यात उतरला. डोक्यावर इंजिन उभं होतं, खिडकीत ड्रायव्हर, आणि दुसऱ्या टोकाशी काठावर मोठे साहेब. निम्म्यावर पोचला आणि जळक्या तेलाचा वास आला... मागे बघतो तर पायऱ्यांच्या जागी काळाकुट्ट धूर. तो दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. समोर कोरी भिंत, पुरुषभराहून उंच. नखं मोडेस्तोवर त्यानं ती ओरबाडली.

तेवढ्यात पायाखाली कुणीतरी खांदा दिला.

"चढ..." खालून आवाज आला. "घाबरू नकोस, मी आहे ना..."

तो वर येऊन पडला. शेडमध्ये लख्ख ऊन होतं आणि धुराचा मागमूस नव्हता.

"बघा!" मोठे साहेब खूश झाले. "वर येता येतं की इकडूनही! तुमच्या भावानंच हातपाय हलवले नसतील. करा सही."

खड्ड्यातून शेवटी वर आलेल्यानं 'खाली कोणी नाही' असं सांगायचं, त्याशिवाय इंजिन हलवायचं नाही, असा तिथला नियम. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, तुम्हाला ज्यानं वर चढवलं... तो खालीच आहे अजून. हात वर करून उभाय."

मोठ्या साहेबांनी नुसतं पेन पुढं केलं.

थांबा, माझा दादा आहे खाली, असं ओरडावंसं त्याला वाटलं. स्वतःची शरम वाटली. पण नोकरी जायची भीती त्याहून मोठी होती.

"खाली कोणी नाही," तो म्हणाला, आणि खिशातला अहवाल काढून त्यानं सही ठोकली.

इंजिन सावकाश पुढं सरकलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. खड्डा रिकामा होता. मोठ्या साहेबांनी कागदाकडे न बघताच हात पुढं केला. देता देता याची नजर खाली गेली.

सही त्याची नव्हती. वाकडीतिकडी, मोठाल्या अक्षरांची, चौथीत शाळा सुटलेल्या दादाची होती ती... आणि शाई अजून ओली होती.