आधी आपण रडायचं

कालिरोईने संत इसिदोरोसला नवस बोलला होता. लेक मार्केला सुखरूप मोकळी होऊ दे, घरच्या झाडाचा पहिला मस्तिहा तुझ्या धुपाटण्यात घालीन. सालीला चिरा दिल्या की पाझरून घट्ट होणारे ते डिंकाचे थेंब. मेस्ता गावात त्यांना डिंक कुणी म्हणत नाही, अश्रू म्हणतात.

त्या दिवशी पहाटेच मार्केलाला कळा सुरू झाल्या. दाई येऊन बसली, तशी कालिरोईने टोपली उचलली.

"वन्सं, ही गेले आणि ही आले."

नणंद आंगेरू पाणी तापवत होती. "जा. पण वहिनी, झाड आईचं. पहिली चीर देताना रडली होतीस ना?"

"पोटुशी लेक घरात असताना रडू? अपशकुन नको बाई."

"अगं, झाडाची धनीण जाऊन वर्ष झालं नाही! आधी आपण रडायचं, मग झाडाला रडवायचं. दुसऱ्यांच्या मयताला आई गाव गोळा होईस्तोवर रडायची, आणि तिच्या मातीलाही तुझे डोळे कोरडे!"

"नणंदा-भावजयांनो, बाहेर भांडा," दाई म्हणाली. "आत येणारं पोर घाबरून माघारी फिरेल."

मार्केलासुद्धा कळा देता देता हसली. ते हसू मनात घेऊन कालिरोई शेतावर गेली.

सासूचं झाड बुटकं, घेरदार. फांद्या पार जमिनीला टेकलेल्या. ती रांगतच आत शिरली. खाली अंथरलेल्या पांढऱ्या मातीवर अश्रू चमकत होते. संताचं नाव घेत एकेक वेचला, टोपलीचा तळ झाकला, आणि ती परत फिरली.

वाट नव्हती.

आली होती त्या बाजूला फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या. ती दुसरीकडे वळली, तिथेही तेच. मातीत तिच्याच गुडघ्यांच्या खुणा गोल फिरून पुन्हा तिच्यापाशी येत होत्या. रातकिड्यांसारखे दिवसभर किरकिरणारे झाडांवरचे किडे एकाएकी गप्प झाले. बाहेर लख्ख ऊन होतं. पानांतून दिसत होतं, पण आत येत नव्हतं. गावातली दुपारची घंटा विहिरीच्या तळातून यावी तशी ऐकू आली. म्हणजे आपण सकाळपासून इथंच? तिकडे लेकीचं काय झालं असेल?

टप्...

मानेवर थेंब पडला. मग पाठीवर, हातावर. गार आणि चिकट. डोक्याचा काळा रुमाल फांदीला चिकटला. जमिनीवर टेकलेला तळवा उचलायला गेली, तर तो मातीतून सुटेना. तो गोड, उग्र वास इतका दाटला की श्वाससुद्धा चिकटल्यासारखा झाला.

"सूनबाई..."

हाक अगदी कानाशी होती. तीच, सासू शेवटच्या आजारात पाणी मागायची तेव्हाची.

"रड गं..."

"आई, रडते... आत्ता रडते." कालिरोईने डोळे घट्ट मिटले. सासूचा मायेचा हात आठवला, तिचं मरण आठवलं. पण भीतीने डोळे ठणठणीत कोरडे. पाणी येईना.

"झाडापाशी मला कुणीच रडलं नाही..."

"रडेल, आई! आपल्या घरातलं कुणीतरी तुम्हांला नक्की रडेल. मला सोडा. माझी पोर अडलीय हो!"

मग समोरची एक फांदी हळूच वर झाली, कुणी पदर उचलून धरावा तशी.

ती धावतच घरी पोचली. दारातच आंगेरूने मिठी मारली. "मुलगी झाली, वहिनी! दोघी सुखरूप!"

कालिरोईने हात जोडून देवमातेचे आभार मानले. मार्केला थकून, पण सुखाने निजली होती. दाईच्या मांडीवरचं बाळ मात्र रडत होतं, टाहो न फोडता, मोठ्या माणसासारखं हुंदके देत.

"नवलच बाई," दाई पुटपुटली. "चाळीस दिवस तान्ह्याला आसवं येत नाहीत. हिला आल्या आल्याच..."

तिने फडक्याच्या टोकाने गालावरचा थेंब टिपला. तो पुसला गेला नाही. शेवटी तिने नख लावलं, तेव्हा तो खट् करून सुटला आणि खालच्या फरशीवर घरंगळत गेला.