वाफ वाचवणारा साडू

अंगणातला दिवा घालवून काकांनी पुतण्याला आणि पुतणीला जवळ बसवलं.

"ऐका. हे माझ्या थोरल्या साडूचं. कारखान्यात वाफ वाचवायचा साहेब."

"तेच ना, जेवताना सगळ्यांना अक्कल शिकवणारे?" पुतणी म्हणाली.

"तोच दीडशहाणा."

पाइपात वाफ थंडावली की पाणी साचतं. ते पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची, एवढंच काम करणारं लहानसं यंत्र म्हणजे स्टीम ट्रॅप. कारखान्यातले अकरा ट्रॅप बिघडले होते, वाफ गळत होती. म्हातारा फिटर म्हणत होता, "साहेब, बदला." साडूनं त्यालाच घरी बसवलं आणि ट्रॅपच्या आधीचे अकराही व्हॉल्व्ह बंद करून टाकले. गळती शून्य! बढती पक्की. पाणी आता कुठं जाणार, हे डोक्यात यायला डोकं लागतं. फिटर दोन महिन्यांत वारला.

चौदा तारीख, मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बंद ठेवलेली वाफेची लाइन सकाळी सहाला चालू व्हायची होती. बॉयलरवाल्याची सही घ्यायला साडू शीळ घालत गेला.

"सगळं बघितलंत ना साहेब? लाइनखाली बायका पॅकिंगला बसतात. आत पाणी असलं तर वाफ ते घणासारखं आदळवते. पाइप फुटतो."

"तू मला शिकवणार?"

"छे हो. पण मग वर कोण फिरतंय? चाल ओळखीची वाटते..."

वरच्या लोखंडी जाळीवर पावलं वाजत होती. थांबली. टक... पाइपावर कुणीतरी ठोकलं.

साडू तणतणत जिना चढला. वर कोणी नाही. पावलं मात्र पुढं. थांबली. टक. नेमकी बंद व्हॉल्व्हपाशी. पुन्हा पुढं. टक. नऊ... दहा...

अकरावा.

मानेवर एक तळवा आला. ओला. साडूचा कान पाइपाला टेकवला. हळूच.

"ऐक."

आत पाणी हललं.



"मग?" पुतण्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय... रांगत रांगत अकराही उघडले त्यानं. पहाटेपर्यंत पाणी वाहत होतं. सहाला लाइन चालू झाली, बायकांना ओरखडासुद्धा नाही. आणि या बहाद्दरानं 'रात्रभर जागून तपासणी केली' म्हणून बक्षीस घेतलं!"

"थापा, काका."

"असतील. पण मेहुणी सांगते, रोज सकाळी त्याची उशी ओली असते. एकाच कानाच्या बाजूला." काकांनी आवाज उतरवला. "पाणी... गंजाच्या रंगाचं."