सातवी पात

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या हद्दीत विद्यापीठ उभं राहिलं त्याला आता बारा वर्षं झाली. आधी फाटक आलं, मग वसतिगृह, मग काचेचं ग्रंथालय. आज जिथे सभागृह आहे तिथे आमची भाताची खाचरं होती. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. मोहोपाड्याच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले, आणि आता दर शनिवारी दुपारी तीन वाजता तिथली व्याख्यानं ऐकायला जाते. माझी नात हर्षला तिथेच इतिहास शिकते. सभागृहात थंडी फार, म्हणून शाल नेते. चष्मा दोरीने गळ्यात असतोच.

मागच्या जुलैत तिच्या इतिहासाच्या योगेंद्र सरांनी गावाच्या आठवणींवर तीन शनिवारांची मालिका ठेवली. मुंबईत एका जुन्या डब्यात त्यांना आमच्याच गावातल्या आवणीची, म्हणजे भातलावणीची, फिल्म सापडली होती. साल १९६७, काळीपांढरी, आवाज नाही, लांबी चार मिनिटं अकरा सेकंद. आधी व्याख्यान, मग फिल्म, मग चर्चा. आणि चर्चेत गावातल्या म्हाताऱ्यांनी माणसं ओळखायची, असा बेत होता.

मी आणि शेजारची अंबाबाई पहिल्या रांगेत बसलो. फिल्ममधल्या बायकांपैकी ती एकटीच उरली आहे.

पडद्यावर खाचराच्या पलीकडच्या टोकाला बारा इरली दिसली. बांबूची आणि पानांची ती इरली पाठीवर घेऊन बायका वाकून रोपं लावत होत्या. आवणी मागे सरकत करतात. लावलेलं समोर राहतं, आपण पाठीने मागे येतो. प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ, ती तिची पात. कॅमेरा अलीकडच्या बांधावर, त्यांच्या पाठीमागे होता. एकीचाही चेहरा दिसत नव्हता.

“कासवं गं नुसती!” अंबाबाई मोठ्याने म्हणाली. “आयुष्यात एकदा आमी सिनेमात गेलो, त्यातबी पाठच दाखवली मेल्यानं.”

मुलं हसली. सरही हसले. “मग ओळखणार कसं, मावशी?”

“त्यात काय हाय? पातीवरून वळखायचं. जिची पात तिची असते, बदलत नाय. ही पयली मी. माज्या बाजूला धाकलूची आय. आन सातवी…” ती थांबली. “शकू, सातवी गोदा नाय का गं?”

गोदा माझी मोठी बहीण. सातवी पात खरं तर माझी होती. मी चौदा वर्षांची होते, मला घरी बसून पुस्तक वाचायचं होतं, म्हणून तापाचं खोटं सांगितलं. माझ्या जागी गोदा गेली. मुंबईचा कॅमेरावाला आला तो तोच दिवस. दुपारी खाचरात तिला फुरसं चावलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. सतरा वर्षांची होती. घरात तिचा एकही फोटो नाही. तिच्या भुवईवरचा देवीचा व्रण मला आठवतो. चेहरा आठवत नाही. किती वर्षं मी तो आठवायचा प्रयत्न करते आहे. ती एकदा तरी मागे वळते का, एवढंच मला बघायचं होतं.

ती वळली नाही. फिल्म संपली.

दुसऱ्या शनिवारी तीच फिल्म पुन्हा लागली. मी मोजमाप करणारी बाई. पहिल्या खेपेस फिल्म संपली तेव्हा रांगेच्या मागे, अलीकडच्या बांधापर्यंत, वीसेक हात चिखल मोकळा होता. आता दहा हातही नव्हता. इरल्यांच्या पानांच्या शिरा दिसत होत्या.

घरी येताना हर्षलाला सांगितलं.

“आजी, फाइल तीच आहे गं. मीच लावते ना. तू पुढे बसलीस म्हणून जवळ वाटलं.”

“मागच्या वेळी तिथेच बसले होते.”

“मग तू जास्त लक्ष देऊन बघितलंस.”

अंबाबाई आमच्या मागून काठी टेकत येत होती. “बाया काय थांबून राहतील व्हय गं?” ती म्हणाली. “कामाला आल्यात त्या.”

तिसऱ्या शनिवारी सभागृह भरलं होतं. सर स्मृती आणि इतिहास यांतल्या फरकाबद्दल चाळीस मिनिटं बोलले. मी एक शब्दही ऐकला नाही.

दिवे मंद झाले.

रांग अगदी पुढ्यात होती. बाराही इरली आता पडद्यावर मावत नव्हती. कडेची पडद्याबाहेर गेली होती. सातवी माझ्या समोर. इरल्याच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. चिखलाने माखलेल्या टाचा वर येत होत्या, खाली जात होत्या. बांधाला फार तर दोन पावलं उरली होती.

तीन मिनिटं पन्नास सेकंद.

“गोदा!” मी हाक मारली.

सातवं इरलं थांबलं. मग हळूहळू उभं राहिलं. बाकीच्या वाकलेल्याच होत्या.

ती वळली.

भुवईवर व्रण होता. चेहरा सुरकुतलेला होता, गाल बसलेले, केस पांढरे. ती सतरा वर्षांची नव्हती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातली रोपांची मूठ चिखलात ठेवली आणि बांधावर चढून पडद्याबाहेर गेली.

दिवे लागले. मुलं टाळ्या वाजवत होती. सर शांतपणे काही लिहून घेत होते. माझी हाक तेवढी त्यांनी ऐकलेली दिसली. “भावना समजू शकतो, मावशी,” असं म्हणाले.

अंबाबाईने माझा हात घट्ट धरला.

“मागून हाक मारलीस?”

आवणीत बाईला मागून हाक मारत नाहीत. वळली की रेघ चुकते, पात मोडते. मोडलेली पात हाक मारणारीने पुरी करायची, असा आमच्याकडे नेम होता. इतकी वर्षं चिखलाबाहेर राहून मी तो विसरले होते.

“गोदा सुटली पोरी,” अंबाबाई म्हणाली, आणि काठी शोधू लागली.

सोमवारी हर्षला ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. फिल्मखाली नावं घालायचं काम सरांनी तिला दिलं होतं.

“आजी, सातवीचं नाव काय लिहू? हिला इरलं नाही बघ, नुसती शाल आहे. आणि मानेवर ही चष्म्याची दोरी आहे का गं?” तिने चित्र मोठं केलं. “तेव्हा बायका चष्मा लावून आवणी करायच्या?”

“नाही,” मी म्हणाले. “तेव्हा गावात चष्मा कुणालाच नव्हता.”