पडद्यावरचा कान

उन्मेष एरवी टोरोंटोच्या एका बँकेत प्रोग्रॅमर, पण २००७ च्या उन्हाळ्यातल्या त्या शनिवारी तो न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला होता. एका गल्लीला न्यूयॉर्क बनवून अमेरिकन सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. आकाशात लख्ख ऊन, आणि कॅमेऱ्यापुरता नळाचा पाऊस! सिनेमातल्या गर्दीत उभं राहायची त्याला हौस. आज टॅक्सीत बसवलं होतं एवढंच. तेवढ्यात टॅक्सी खरी समजून, मागचं दार उघडून एक भिजलेली मुलगी आत शिरली आणि इंग्रजीत स्टेशनला चला म्हणाली.

कुणीतरी ‘कट’ म्हणून ओरडलं. पाऊस थांबला.

“अगं बाई... आता काय झालं?” ती पुटपुटली.

मराठी ऐकून तो गर्रकन वळला. “मॅडम, हे न्यूयॉर्क आहे. टोरोंटोला जायचं असेल तर कोपऱ्यावरून स्ट्रीटकार पकडा.”

ती खुदकन हसली, आणि गडी तिथेच गारद झाला.

चैत्राली पुण्याहून नुकतीच आली होती. आधी कॉफी, मग रविवारची ग्रोसरी, मग तळ्याकाठच्या लांबलचक चकरा... तिने कौतुकाने तिथल्या मराठी मंडळात सांगितलं, उन्मेष सिनेमात आहे. झालं! मंडळाने गणपतीत त्याला ‘हॉलिवूडचे कलाकार’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं. सिनेमा अजून यायचाच होता, तरी पोरांनी सह्या घेतल्या. खरं सांगायला त्याने माइक धरला, पण पहिल्या रांगेत चैत्राली टाळ्या वाजवत होती. त्याने नुसते आभार मानून माइक परत दिला.

पुढल्या वर्षी सिनेमा लागला आणि अख्खं मंडळ थिएटरात लोटलं. आज आपली फजिती होणार आणि ही मुलगी हातची जाणार, या धास्तीने उन्मेषला घाम फुटला. टॅक्सी आली... पडदाभर नायकाचा चेहरा, कडेला एक कान, आणि टॅक्सी गेलीसुद्धा.

“चैत्राली, तो कान माझा होता,” तो कसंबसं कुजबुजला. “मी तेवढाच आहे. नटबिट कुणी नाही.”

“माहितीये. शूटिंगला खरा हिरो पलीकडे छत्रीखाली उभा होता. माझं लक्षच गेलं नाही.”

“मग सत्काराला टाळ्या कशाला?”

“शालीत गोड दिसत होतास.”

मागच्या रांगेतून मंडळाच्या अध्यक्षा प्रमोदिनीताईंनी विचारलं, अजून आपला उन्मेष कसा दिसत नाही?

चैत्राली वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काकू, आत्ता गेला तो कान उन्मेषचा. आणि उन्मेष माझा.”

पुढे सिनेमात काय झालं, ते दोघांनाही आजतागायत ठाऊक नाही.