फाटकावरची भेटवही

नोटीस दोनदा वाचून झाली तरी सानवी शाळेच्या फाटकासमोरून हलली नाही. शाळेच्या मागच्या वळचणीची बारा कौलं मंगळवारी संध्याकाळी फुटलेली आढळली होती आणि तिथेच मुलांचा चेंडू सापडला होता. म्हणून मुख्याध्यापक पाष्टे सरांनी लिहिलं होतं, की मे महिन्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी आवारात पाऊल टाकायचं नाही, सुट्टीतलं वाचनालय बंद, आणि शालेय मंत्रिमंडळ बरखास्त.

आठवीतली सानवी त्या मंत्रिमंडळाची शिस्तमंत्री होती. लांज्याजवळच्या त्या छोट्या शाळेत तिनं वर्षभर रांगा लावल्या होत्या, भांडणं सोडवली होती. आता तिच्याच नावाला बट्टा लागला होता.

"चेंडू माझाच," तिचा वर्गमित्र शुभंकर खाली मान घालून म्हणाला. "रविवारी एक कौल फुटलं माझ्या हातून. सरांना सांगायचा धीर झाला नाही."

"एकच ना? मग बाकीची अकरा?" त्याची धाकटी बहीण संस्कृती म्हणाली. तिची नजर घारीची.

शुभंकरचं म्हणणं, आवाराच्या दगडी गडग्यावरून उडी मारून आत जाऊन बघू, सर तर शनिवारपर्यंत रत्नागिरीला प्रशिक्षणाला गेलेत. सानवीनं साफ नकार दिला. शिस्त मोडल्याचा आळ शिस्त मोडून कसा धुणार? त्यापेक्षा ती शेजारच्या गंगुबाईंकडे गेली. त्यांची काजूची बाग शाळेच्या मागच्या गडग्याला लागून होती. आम्ही तुमच्या बागेत बसून शाळेवर नजर ठेवू का, असं तिनं रीतसर विचारलं.

"बसा गो काजीखाली," गंगुबाई म्हणाल्या. "पण फांद्या मोडू नका."

गडग्याआडून पाहिलं, तर फुटलेली कौलं, एक सोडून, सगळी एका ओळीत होती. चेंडू असा रेघ आखून कौलं फोडत नाही. वळचणीखाली, भिंतीतल्या वरच्या चिऱ्याच्या कोपऱ्यावर पिवळा रंग खरवडून लागला होता. आणि जमीन कुणीतरी झाडाच्या डहाळीनं झाडल्यासारखी दिसत होती.

"पिवळं काय असतं एवढं उंच?" संस्कृती पुटपुटली.

त्याचं उत्तर दुपारी एक वाजता आपल्या पायांनी नव्हे, चाकांनी आलं. गाव जेवून आडवं झालं होतं. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी कुलूप नसलेल्या फाटकातून सरळ आवारात शिरला आणि सावलीसाठी मागे मागे येत वळचणीखाली लागला. त्याचा लांब हात छपरापासून वीतभर अंतरावर थांबला. चालक नितेश खाली उतरला, सावलीत पथारी पसरली आणि झोपला.

शुभंकरला तिथल्या तिथे जाब विचारायचा होता. पण आजच्या येण्यावरून मंगळवारचं काहीच सिद्ध होत नव्हतं. सानवीनं थोडा विचार केला आणि दोघांना घरी जाऊन गणवेश घालून यायला सांगितलं.

अडीच वाजता नितेश निघाला, तेव्हा फाटकाबाहेर तीन मुलं गणवेशात, रांगेत उभी होती. त्यानं इंजिन बंद केलं. सानवीच्या हातात भेटवही होती. शाळेच्या कार्यक्रमांना पाहुण्यांची नोंद तीच घेत असे, म्हणून वही तिच्या घरीच असायची.

"नमस्कार काका. शाळेत येणाऱ्या प्रत्येकानं वहीत नोंद करायची असते," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता.

नितेशला हसू आलं. एवढीशी पोरं आणि केवढा रुबाब, असं म्हणत त्यानं पेन घेतलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, कामाच्या रकान्यात 'मशीन लावणे' लिहिलं. शेवटचा रकाना होता 'यापूर्वीची भेट'. घाईत त्यानं तोही भरून टाकला: मंगळवार, दुपारी एक. खाली सहीसुद्धा ठोकली.

"धन्यवाद," सानवी म्हणाली आणि मुलं बाजूला झाली.

शनिवारी सर परतल्यावर तिघं त्यांच्या घरी गेली. सरांनी वही वाचली, शाळेत जाऊन पिवळा रंग पाहिला आणि नितेशला बोलावून घेतलं. अकरा कौलं आपल्याच मशीनच्या धक्क्यानं फुटली, चाकांच्या खुणाही आपणच झाडल्या, हे त्यानं कबूल केलं.

"म्हणजे मुलांचा काहीच दोष नव्हता," सर म्हणाले.

तिथेच सगळं मिटलं असतं. सानवीनं शुभंकरकडे नुसतं पाहिलं. तो पुढे झाला.

"सर, बारावं कौल माझ्या चेंडूनं फुटलं. मी सांगायला हवं होतं."

सर सरळ फाटकाकडे गेले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं फाटकावरची नोटीस काढली.

सोमवारी नितेशनं नवी कौलं आणून चढवली. बारावं कौल शुभंकरनं शिडीखाली उभं राहून त्याच्या हातात दिलं. पालकही जमले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शहानिशा न करता मी मुलांना दोषी ठरवलं. चूक माझी होती. या मुलांनी नियम पाळून खरं शोधलं आणि स्वतःची चूकही लपवली नाही. मला यांचा अभिमान वाटतो."

गंगुबाईंनी मोठ्यानं टाळी वाजवली. मग सरांनी वाचनालयाची किल्ली सानवीच्या हातात ठेवली, आणि ताठ मानेनं पायऱ्या चढून तिनं दार उघडलं.