पडद्यावरचा पांढरा ठिपका

त्या दुपारी मी शेजारी गेले ती डबा परत द्यायला. रिकामा डबा द्यायला अर्धा तास कशाला लागतो, असं आमचे हे नेहमी विचारतात. पण चार गोष्टी कळल्याशिवाय माझा पाय निघत नाही, त्याला काय करणार?

शेजारीण प्रयोगशाळेत कामाला. उंदरांच्या हृदयात औषध टोचते. खोदून खोदून मीच विचारून घेतलं होतं सगळं. भुसा घातलेल्या पिंजऱ्यातून उंदीर काढायचा, त्याला गुंगी द्यायची, उबदार पाटीवर उताणं निजवायचं, छातीला जेल लावून सोनोग्राफी करायची. पडद्यावर इवलंसं काळीज फडफडतं आणि सुईचं टोक पांढरा ठिपका होऊन त्याच्याकडे सरकतं.

"दगडाची आहेस बाई तू," मी चिडवायची. ती हसायची.

त्या दिवशी हसली नाही. सातवा महिना, नवरा परगावी. "मावशी, तपासणीला बरोबर येता? एकटीला नको वाटतंय."

दवाखान्यात बाकावर बसल्यावर हळूच म्हणाली, "गेल्या आठवड्यात एक उंदीर सुई टोचताना गेला. म्हणजे, गेला असं वाटलं. काळीज पूर्ण थांबलेलं पडद्यावर बघायचं, मगच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, असा नियम आहे. मला घरी जायची घाई होती. मी पडदा आधीच बंद केला."

"मग?"

"सकाळी पिशवी काढली. त्यानं... तोंड पिशवीच्या गाठीकडे वळवलं होतं, मावशी."

मी तिचा हात दाबला. "पोटुशीच्या मनात काहीबाही येतं गं."

आतली खोली अंधारी, गार. मशीनची घरघर. आणि ओल्या भुशाचा वास. दवाखान्यात भुसा कुठून येणार?

डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं. पडद्यावर बाळाचं काळीज फडफडू लागलं. "ठोके छान आहेत," त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसला. थोडा सरकला. थांबला. पुन्हा सरकला... कुणीतरी हात स्थिर करत असावं तसा.

तिनं माझं मनगट आवळलं. "मावशी... दिसतंय?"

"काही नाही गं," मी खोटं बोलले.

"झालं हं," म्हणत बाईंनी बटणाकडे हात नेला.

"बंद करू नका! अजून बघा... थांबेपर्यंत बघा!" ती ओरडली.

पडदा काळा झाला होता. बाईंना काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी हसून फोटो दिला. तिनं हातही लावला नाही, म्हणून मीच तो पर्समध्ये टाकला.

घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. ठिपका फोटोतही होता. ठिपका आणि काळीज यांच्यामध्ये टाचणीची तीन डोकी मावत होती. पुढच्या आठवड्यात दोनच मावली.

रोज गॅलरीतून ती विचारते, "मावशी, फोटो नीट आहे ना?"

"आहे गं, जपून ठेवलाय."

बाळंतपणाला अजून महिना आहे. आज सकाळी कपाट उघडलं तर ओल्या भुशाचा वास आला. फोटो काढला, टाचणी लावून बघितली. तीनदा बघितली.

एकही मावत नाही.